आत्या, शिट्टी आणि कमरेएवढं पाणी

माझी आत्या आयुष्यभर धावत्या बसमध्ये उभी राहिली आणि कधी पडली नाही. पडली ती निवृत्त झाल्यावर, स्वतःच्या स्वयंपाकघरात, कोरड्या ठणठणीत फरशीवर, हातात चहाचा चमचा घेऊन. मनगट मोडलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, चक्कर आली होती का?" आत्या म्हणाली, "छे हो. जमीन हलत नव्हती ना, त्यामुळे अंदाज चुकला." डॉक्टर हसले, नर्स हसली, मी तर खुर्चीवरून पडायचीच राहिले. बाबा हसले नाहीत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बसची कंडक्टर. तिच्या काळात या कामात बायका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली सगळ्यात बुटकी ही. पण एकदा का ती पाय फाकवून, कंबर सीटच्या कडेला किंचित टेकवून उभी राहिली, की ड्रायव्हरनं कितीही करकचून ब्रेक मारू दे, अख्खी बस एकमेकांच्या अंगावर कोसळायची आणि ही मधोमध तश्शी उभी. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात चिल्लर, आणि तोंडानं "पुढे सरका, पुढे जागा आहे" चालूच. वर धरायला दांडा असतो तो प्रवाशांसाठी, असं तिचं स्वच्छ मत होतं. कंडक्टरला दांडा लागायला लागला की त्यानं घरी बसावं. लग्न तिनं केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "दिवसभर एवढ्या लोकांना सरकवून घरी यायचं, तिथे आणखी एकाला कोण सरकवणार?"

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. लिफ्ट नाही. पण खिडकी अशी, की खाली अख्खा बस डेपो पसरलेला दिसतो. सकाळी ती चहाचा कप घेऊन खिडकीत बसते आणि एकेक गाडी बाहेर पडताना तिची हजेरी घेते. "हा बघ, नवीन दिसतोय. गिअर टाकतोय की भांडी घासतोय?" वरून असे शेरे, खालून ड्रायव्हर हात हलवणार. हिचा दिवस तिथून सुरू होतो. त्या खिडकीशिवाय आत्या कशी असेल, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ बाबांनी आणली. बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. ते कारखान्यातून निवृत्त झाले, आमच्यातून झाले नाहीत. माझं सगळं बालपण "बघून!" या एका शब्दाखाली गेलं. आमच्या घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवलेला होता आणि दारांना दुसऱ्या दारांपासून सावध राहायला सांगणाऱ्या पाट्या होत्या, असं मी मैत्रिणींना सांगायचे. त्यातलं अर्धं खरं होतं. आत्या हॉस्पिटलातून घरी आली त्या दिवशी बाबा पिवळ्या पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन हजर झाले आणि तिच्या घरातल्या प्रत्येक उंबऱ्यावर, पायरीवर, मोरीच्या काठावर पट्ट्या मारून मोकळे झाले. पायपुसणं गेलं. बुटकं स्टूल गेलं. संध्याकाळपर्यंत घर रस्त्याचं काम चालू असल्यासारखं दिसायला लागलं.

आणि मग खिडकीपाशी उभं राहून त्यांनी निकाल दिला. "ताई, आता पुन्हा पडलीस, तर सरळ आमच्याकडे. मागची खोली रिकामीच आहे. वाद नको."

"छोटू," आत्या म्हणाली. बाबांच्या डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही, पण तिच्यासाठी ते छोटूच. "छोटू, तुझ्या मागच्या खोलीची खिडकी कुठे उघडते?"

"उघडते की."

"शेजारच्या भिंतीवर उघडते."

"भिंत पडत नाही, ताई," बाबा म्हणाले.

एरवी आत्यानं त्यांची चांगली खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी ती गप्प बसली. प्लास्टर निघालं तरी ती गप्पच. घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागली. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत भिंतीवर तिच्या खांद्याच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला. खाली पेपर आणायला जाणं बंद झालं. डेपोतल्या गाड्यांवरचे शेरे बंद झाले. मी जाऊन तिच्यावर ओरडले, "अशी काय चालतेस चोरासारखी?" मला भीती वाटली होती. आमच्या घराण्यात भीती वाटली की माणूस ओरडतो, बाबांपासून ते चालत आलं आहे.

मनगट दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं. नगरपालिकेच्या तरण तलावात एक छोटा, उथळ, कोमट पाण्याचा तलाव आहे, तिथे वयस्कर माणसांसाठी व्यायामाचा वर्ग असतो. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, पायांना मात्र पाणी कापत चालावं लागतं, त्यामुळे ते घट्ट होतात. आणि मुख्य म्हणजे, तोल गेला तरी माणूस पाण्यात हळूच पडतो, हाड मोडत नाही. तेव्हा तोल जाऊ द्यायचा आणि सावरायचा, पुन्हा जाऊ द्यायचा, पुन्हा सावरायचा.

"मला पोहता येत नाही," आत्या म्हणाली.

"पोहायचं नाही हो. चालायचं."

"चालायला पाण्यात कशाला जायचं? रस्ते संपले का?"

ती काही ऐकेना. पण नशीब आमचं, बाबा सोबत होते. "पाणी?" बाबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडचंच पाणी पळालं. "ओली फरशी! साबणाचं पाणी! अजिबात जायचं नाही, ताई, मी सांगतो."

आत्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणापासून त्या नजरेला बाबा भितात. "छोटू नको म्हणतोय," ती डॉक्टरांना म्हणाली. "कधीपासून यायचं?"

वर्गाच्या पहिल्या दिवशी बाबा आमच्या आधी पोचले होते. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या रबरी चटयांवर ते बूट घासून घासून बघत होते. रखवालदारानं त्यांना काचेमागच्या बाकावर नेऊन बसवलं, तर तिथून ते खुणा करायला लागले. इकडे आत्या. निळी घट्ट विजार, वर माझ्या नवऱ्याचा जुना टी-शर्ट, डोक्यावर रबरी टोपी. मला बघून म्हणाली, "हसलीस तर याद राख." मी ओठ चावून धरले, पण नाकातून हसू बाहेर पडलंच.

वर्ग घेणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. काटक, खणखणीत आवाजाची, गळ्यात शिट्टी. वर्गात तिला सगळे शिट्टीबाई म्हणायचे, तोंडावर सुद्धा. तिनं सगळ्यांना एकेक फोमचा पट्टा वाटला. कमरेला बांधायचा, म्हणजे पाण्यात आधार. आत्यानं तो घेतला आणि इकडेतिकडे न बघता डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेवर तिरका अडकवला. तिकिटांची बॅग ती जन्मभर तशीच अडकवत आली होती, हातानं आपलं काम केलं. शिट्टीबाई दुसऱ्या कुणाचा तरी पट्टा आवळत होती, तिच्या हे लक्षात आलं नाही. मी काठावर थांबले, आत्या पायऱ्या उतरून पाण्यात गेली, आणि पाण्यानं फोम वर उचलला. आत्याची उजवी बाजू वर, डावी खाली. ती सरळ चालायला बघते आणि गोल गोल फिरते. एक फेरी, दुसरी फेरी. काचेमागे बाबा उभे राहून दोन्ही हात हलवतायत. शेवटी शिट्टीबाईनं धावत येऊन तिला थांबवलं, पट्टा कमरेला बांधला आणि तिचे हात काठावरच्या स्टीलच्या दांड्यावर ठेवले.

आणि आत्यानं तो दांडा धरला. नुसता धरला नाही, आवळला. बोटं पांढरी पडली. माझं हसू तिथल्या तिथे विरलं. ज्या बाईनं सगळी नोकरी दांड्याला हात न लावता काढली, ती कमरेएवढ्या पाण्यात दांड्याला चिकटून उभी होती. मला वाटलं, हिला इथून घेऊन जावं. मागच्या खोलीची खिडकी मोठी करून घेता येईल का, असाही एक नतद्रष्ट विचार मनात येऊन गेला.

पण आत्याच्या शेजारीच, त्याच दांड्याला, एक उंच, हाडकुळे गृहस्थ चिकटले होते. निवृत्त वकील. त्यांनी दांडा इतका व्यापला होता की पलीकडे उभ्या असलेल्या जाड्या बेकरीवाल्यांना जागाच नव्हती. बेकरीवाले भले गृहस्थ, ते काही बोलत नव्हते. आत्याला मात्र ते दिसलं, आणि तिच्यातलं काहीतरी खडबडून जागं झालं.

"ओ साहेब," ती वकिलांना म्हणाली, "दांड्याला काय लटकलात? मागच्यांनी कुठे जायचं?"

"मी इथे आधी आलेलो आहे," वकील म्हणाले.

"आधी आलात म्हणून दांडा विकत घेतलात का? मधे सरका. मधे जागा आहे! अख्खा तलाव रिकामा पडलाय मधे!" आणि मधली जागा दाखवायला तिनं हात लांब केला. मग दुसरा हातही लांब केला, कारण एका हातानं आत्याला भांडता येत नाही. दोन्ही हात हवेत, पाय फाकलेले, आणि आत्या कशालाही न धरता पाण्यात उभी. ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. शिट्टीबाईनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. वकील कुरकुरत मधे गेले, त्यांना आणखी पुढे सरकवायला आत्या त्यांच्या मागून गेली, तिच्यामागून बेकरीवाले, आणि वर्ग सुरू झाला.

पण खरी गंमत तर पुढेच होती. शिट्टीबाईनं सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, आत्या सगळ्यात पुढे. "मी एक शिट्टी मारली की चालायचं," ती म्हणाली, "दोन मारल्या की थांबायचं. समजलं?" सगळ्यांनी माना हलवल्या, आत्यानंही हलवली. आता बसमधला नियम बरोबर उलटा असतो. कंडक्टरनं एकदा घंटी वाजवली की गाडी थांबते, दोनदा वाजवली की निघते. हे आत्याच्या डोक्यात असतं तर ती विसरली असती. ते तिच्या पायांत होतं.

एक शिट्टी वाजली. सगळी रांग निघाली आणि आत्या खांबासारखी थांबली. वकील तिच्यावर आदळले, बेकरीवाल्यांचं पोट वकिलांवर आदळलं, आणि मागची सगळी रांग घडीच्या पंख्यासारखी मिटत आली. शिट्टीबाईनं घाबरून दोन शिट्ट्या मारल्या. सगळे थांबले आणि आत्या सुटली! वकिलांनी तोल सावरायला तिचा पट्टा धरला होता, ते तिच्यामागून ओढले गेले. "थांबवा! अहो, थांबवा हिला!" ते ओरडतायत, शिट्टीबाई दोन-दोन शिट्ट्या मारतेय, आणि प्रत्येक दोन शिट्ट्यांना आत्याचा वेग वाढतोय. पलीकडचा काठ आल्यावर कुठे ती थांबली. वळून बघते तर वर्ग पाण्यात लोळत होता. बेकरीवाले उताणे तरंगत, पोटावर हात ठेवून हसत होते. मागच्या दोघी म्हाताऱ्या हसता हसता पडल्या होत्या आणि हसतच उठत होत्या. कुणाला काही लागलं नव्हतं. पडण्याला हसता येतं, हे त्या सगळ्या म्हाताऱ्यांना किती दिवसांनी आठवलं असेल कोण जाणे.

शिट्टीबाईनं पुढचे काही दिवस आत्याला सुधारायचा कसून प्रयत्न केला. आत्यानंही केला. पण झालं भलतंच. रांगेत पुढे आत्या, आणि माणसं कान सोडून पुढच्याच्या पाठीकडे बघून चालतात. थोड्याच दिवसांत सगळा वर्ग एका शिट्टीला थांबायला आणि दोन शिट्ट्यांना निघायला लागला. मग शिट्टीबाईनंच हात टेकले आणि नियम फिरवला. वकिलांनी हरकत घेतली, की एका व्यक्तीसाठी नियम बदलणं योग्य नव्हे. बेकरीवाले म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर पहिल्या दिवसापासून तिच्या मागून फिरताय." वकील लाल झाले. मला वाटतं, कोमट पाण्यामुळे असेल.

या वर्गात एक खेळ होता, तो मला फार आवडायचा. एकानं मधे उभं राहायचं, बाकीच्यांनी भोवती गोल चालायचं. चालून चालून पाणी फिरायला लागतं, मधल्या माणसाला ढकलायला लागतं. तेवढ्यात शिट्टीबाई ओरडते, "उलटं!" सगळे वळतात, पण पाणी आधीच्याच दिशेनं धावत असतं, आणि मधल्याच्या पायाखालचा सगळा हिशेबच बिघडतो. मधे गेलेले बहुतेक जण एकदा तरी डुबकी खायचे. वकील बुडाले आणि वर येता येता म्हणाले, "माझी हरकत आहे!"

आत्याची पाळी आली. ती मधे गेली, थोडीशी वाकली. पाणी फिरायला लागलं. ती डगमगली, एक पाय पुढे टाकला, सावरली. "उलटं!" शिट्टीबाई ओरडली. लाट अंगावर आली, आणि मी बघितलं, आत्याचे गुडघे किंचित लवचिक झाले, कंबर एका बाजूला गेली, परत आली, जशी ती वळणावर जायची आणि यायची. पाणी उजवीकडे, ती उजवीकडे. पाणी डावीकडे, ती डावीकडे. आणि मग तिनं मान वर केली, सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि तिच्या त्या डेपो दणाणून सोडणाऱ्या आवाजात ओरडली, "तिकीट! कोण राहिलंय तिकिटाचं?"

"मी!" बेकरीवाले ओरडले. "एक बेकरी द्या!"

"सुट्टे काढा!"

बाजूच्या मोठ्या तलावातली पोहणारी माणसं थांबून बघायला लागली. सगळे म्हातारे फिरतायत, तिकिटं मागतायत, मधे आत्या डुलतेय, शिट्टीबाई शिट्टी तोंडातून काढून काठावर बसून हसतेय. मी काचेमागे उभी होते. मला तिचे बसमधले ते जुने पाय दिसले आणि मी हसता हसता रडायला लागले. बाबा शेजारी होते. मी म्हटलं, "बघितलंत?" ते म्हणाले, "जमीन पाण्यासारखी मऊ नसते." मला त्यांना तिथेच पाण्यात ढकलावंसं वाटलं.

पण त्यांचं चूक नव्हतं, हे शिट्टीबाईही सांगायची. पाण्यात जादू नाही, घरीही करायचं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहायचं, रेषेवरून टाच-चवडा असं चालायचं. रेषा शोधायला आत्याला लांब जायला नको होतं, बाबांनी घरभर मारून ठेवल्या होत्या. हळूहळू ती पेपर आणायला खाली जायला लागली. मग एके सकाळी मी गेले तर जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला, "अरे ए, आरसा बघ आरसा! मागची भिंत घेऊन जातोस का?" खाली डेपोत कुणी तरी गाडी मागे घेत होतं. मी जिन्यातच बसकण मारली. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

वर्गाचे ठरलेले महिने संपले तेव्हा बाबा तिच्याकडे आले. निकालाचा दिवस होता तो, हे कुणी बोललं नाही तरी तिघांनाही माहीत होतं. बाबांनी तिला स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. ती भिंतीला न शिवता चालली. वळून परत यायला लावलं, ती आली. खुर्चीत बसून उठायला लावलं, ती हाताची घडी घालून उठली. बाबा पायरी बघत होते, फरशी बघत होते, काहीतरी चुकीचं सापडतंय का ते बघत होते. सापडलं नाही. "बरं," ते शेवटी म्हणाले. "पडली नाहीस ना पुन्हा? मग राहा."

संपलं होतं सगळं. मी चहा टाकायला उठले सुद्धा.

"पडले होते," आत्या म्हणाली.

मी जागच्या जागी थांबले. तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

"मागच्या आठवड्यात. इथेच, पलंगापाशी. चादर पायात आली."

"आत्या!" मी म्हटलं. "अगं, कशाला सांगतेस?" माझा इतका संताप झाला होता. घाटावर येऊन होडी बुडवायची म्हणजे काय!

"बिनतिकीट कुणाला बसू दिलं नाही मी कधी," ती म्हणाली. "आता स्वतः बसू? तुझ्या बापाचा फोन आला की दर वेळी खोटं बोलायचं, आणि त्या खोट्यावर या घरात राहायचं? नको मला. पडले तर पडले म्हणणार."

बाबा खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं काहीच नव्हतं. ते नुसते घाबरलेले दिसत होते. "मग कुणी उठवलं तुला?"

"कुणी म्हणजे? मी." आणि ती खोलीच्या मधोमध आली. "शिट्टीबाईनं चटईवर शिकवलंय. बघ." असं म्हणून माझी आत्या एक हात टेकून, एक गुडघा टेकून, सावकाश फरशीवर आडवी झाली. आमच्या डोळ्यांसमोर, सरळ उताणी. बाबा ओरडून उठले, मी पुढे धावले.

"हात लावायचा नाही!" ती खालून गरजली.

आम्ही थांबलो. ती छताकडे बघत थोडा वेळ पडून राहिली. "आधी घाई करायची नाही," ती म्हणाली. "कुठे दुखतंय का बघायचं. मग कुशीवर." ती कुशीवर वळली. "मग कोपर. मग हात. मग घोडा." ती चार पायांवर आली आणि खुर्चीपर्यंत रांगत गेली. दोन्ही हात बैठकीवर ठेवले, एक पाऊल पुढे रोवलं, दम घेतला, आणि उठली. उठून खुर्चीवर बसली. कपाळावर घाम होता, पण चेहरा असा, जसा संपूर्ण भरलेल्या बसमध्ये सगळ्यांची तिकिटं फाडून झाल्यावर असायचा.

"मी पुन्हा पडेन, छोटू," ती म्हणाली. "तुझ्याकडे आले तरी पडेन. तुझी भीती मला कळते. पण पडून उठणारी बाई मागच्या खोलीत कशाला ठेवायची, तेवढं मला सांग."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग फरशीकडे बघत म्हणाले, "मला नाही येत."

"काय नाही येत?"

"उठायला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मध्यंतरी चष्मा पलंगाखाली गेला. काढायला खाली बसलो, तो बसलोच. उठताच येईना. तुझी आई बाजारातून येईपर्यंत तसाच पडून होतो. तिला म्हटलं, पाठीला आराम देतोय."

मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या घराला स्पंज लावणारा माझा बाप! दर फोनला आत्याला विचारायचा, पडलीस का, पडलीस का, आणि स्वतः रोज काय काय सांभाळत चालत होता कोण जाणे. मला त्यांची इतकी माया आली की मी काहीतरी बोलणार होते, पण आत्यानं मला डोळ्यानंच गप्प केलं.

"ये खाली," ती त्यांना म्हणाली आणि पुन्हा फरशीवर बसायला लागली.

"आत्ता?"

"नाही, मुहूर्त काढ! ये म्हणते ना."

बाबा खुर्ची धरून, टेबल धरून, मला बाजूला सारून, कण्हत कुथत खाली गेले. दोघं बहीणभाऊ फरशीवर शेजारी शेजारी उताणे. छताचा पंखा फिरत होता. बाबा म्हणाले, "इथून पंखा फार धुळकट दिसतो." आत्या हसायला लागली. मग बाबा. दोघांची पोटं उडायला लागली. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"ताई, आता उठव मला," बाबा म्हणाले, दम लागला होता.

"आधी सांग, मी कुठे राहायचं?"

"हा काय प्रकार आहे? अडवणूक आहे ही!"

"आहे. कुठे राहायचं मी?"

बाबांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खालून गाडीचा हॉर्न आला. "इथेच राहा, बाई," ते म्हणाले. "इथेच राहा. आता तरी उठव."

"उठवणार नाही," आत्या म्हणाली. "उठ तूच. कुशीवर वळ. घाई नको. कोपर. हां. आता हात टेक."

बाबा वळले. कोपरावर आले, कोपरावरून हातांवर आले, आणि घोडा करून, धापा टाकत, खुर्चीकडे रांगायला लागले. खुर्चीचा पाय थोडा सरकला. मी न राहवून धावले, तर खालून दोघंही एकदम ओरडले, "हात लावायचा नाही!"

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. बाबांनी पाऊल रोवलं आणि उठले.